ट्रंकेतल्या केसांच्या गोळ्या

दर दुसऱ्या रविवारी आपल्या शाळेत बार्बरसमोर रांग लागते. मशीन फिरते आणि तीन मिनिटांत पुढचा कॅडेट खुर्चीत बसतो. डोक्यावर जे उरते, ते बेरेच्या कडेबाहेर दिसता कामा नये. असे असूनही मागच्या वर्षी आमच्या डॉर्मिटरीत केस वाढवणाऱ्या गोळ्यांच्या चार बाटल्या होत्या. त्यांतली एक माझी होती.

हे वाचून हसू येईल. मलाही आता येते. पण पंधराव्या वर्षी उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर रोज सकाळी बारीक बारीक केस दिसायला लागले की हसू येत नाही. बाबांच्या डोक्याकडे पाहून आपले भविष्य कळले असे वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये मला डेंग्यू झाला होता. त्या पावसाळ्यात बेंगळुरूमध्ये डेंग्यूची मोठी साथ होती. बरा होऊन वर्गात परतलो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला केस गळू लागले. फोनवर आईला सांगितले. तिचे पहिले वाक्य होते, "तिकडचं बोअरचं पाणीच वाईट." बेंगळुरूमध्ये केस गळणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. जड पाण्याने केस राठ होतात हे खरे, पण केसाचे मूळ कातडीच्या आत असते, आणि तिथे पाणी पोहोचत नाही. आईने आठवड्याभरात बाटली पाठवली. वर हिरवी पाने, 'शंभर टक्के नैसर्गिक', आणि आत आवळा, माका, बायोटिन, झिंक, सेलेनियम. रोज दोन गोळ्या.

फेब्रुवारीत केस गळणे थांबले. म्हणजे गोळ्या लागू पडल्या, असेच कोणीही म्हणेल. मीही म्हणालो, आणि दोन ज्युनियर कॅडेट्सना नावही सांगितले. ही चूक कशी होते ते समजावून सांगतो, कारण पूर्ण बाजार याच चुकीवर चालतो.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एका वेळी दहांतले जवळपास नऊ वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीत असतात. दोन-तीन महिन्यांची विश्रांती संपली की ते गळतात आणि त्याच मुळातून नवा केस येतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणे हा रोजचा हिशेब आहे. मोठा ताप, ऑपरेशन, उपासमार असे काही झाले की शरीर एकाच हुकमावर बऱ्याच केसांना 'विश्राम' देते. ते केस तेव्हा पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. म्हणून ऑगस्टचा डेंग्यू मला नोव्हेंबरमध्ये दिसला. आणि असे गळणे बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. माणूस गोळी कधी सुरू करतो? सगळ्यात जास्त गळती असते तेव्हा. त्यानंतर जे व्हायचेच असते ते होते, आणि श्रेय बाटलीला मिळते. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मित्रालाही डेंग्यू झाला होता. तो रविवारी कांद्याचा रस लावायचा (त्या वासाबद्दल आमची पूर्ण डॉर्मिटरी साक्ष देईल). त्याचेही केस माझ्याबरोबरच थांबले.

म्हणून केसांवरचे औषध तपासायचे तर एका गटाला ते आणि दुसऱ्या गटाला खोटी गोळी देऊन तुलना करावी लागते. रोझमेरी तेलाचे नाव सगळीकडे घेतले जाते ते २०१५ च्या एका इराणी प्रयोगामुळे. त्यात शंभर जणांपैकी अर्ध्यांनी रोझमेरी तेल आणि अर्ध्यांनी दोन टक्के मिनॉक्सिडिल लावले. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. पण काहीच न लावणारा गट नव्हता. मग दोन्हींचा उपयोग झाला की त्या काळात केस आपले आपणच सुधारले, हे त्या प्रयोगावरून नीट कळत नाही. माक्याचे प्रयोग बरेचसे उंदीर-घुशींवर झालेले आहेत. आजी माक्याचे तेल चोळते तेव्हा मला छान झोप येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शरीरात लोह, झिंक किंवा प्रथिने खरोखर कमी असतील तर केस गळतात आणि ती कमतरता भरून काढली की फरक पडतो. पण कमतरता आहे हे रक्त तपासून कळते. बायोटिनची गरज प्रौढाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते. माझ्या बाटलीवर रोजच्या दोन गोळ्यांत मिळून १०,००० लिहिले होते. मेसच्या अंड्यांत आणि शेंगदाण्यांत बायोटिन असतेच.

आता 'नैसर्गिक' या शब्दाबद्दल. हा शब्द वाचला की आपण 'सुरक्षित' असे ऐकतो. डिसेंबरच्या सुट्टीत मी खामगावला मामाकडे होतो. तिथून शेगाव सतरा-अठरा किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हाताने ओढले तरी निघत आहेत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडत आहे. पुरुष, बायका, शाळकरी मुले, सगळेच. पुढे आकडा अठरा गावांत २७९ पर्यंत गेला. तो खारपाणपट्टा आहे, म्हणून पहिला संशय तिथेही पाण्यावरच गेला. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. कोणी शाम्पू म्हणाले, कोणी बुरशी. दिल्लीहून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. मामाच्या घरी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आजी मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "केस गेले त् येतीन बापा, जीव सांभाळ."

नंतर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरचे काम सगळ्यांना माहीत आहे, यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की रेशनवर आलेल्या, बाहेरच्या राज्यातल्या गव्हात सेलेनियम फार होते. न धुतलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम. मी वहीत गणित करून पाहिले. दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या तर ४,००० मायक्रोग्रॅमहून जास्त सेलेनियम पोटात जाते. माणसाला लागते ४० ते ५५, आणि ४०० च्या वर जाऊ नये असे मानले जाते. त्यातल्या बऱ्याच लोकांचे केस काही आठवड्यांत परत आले.

सेलेनियम हे मातीतले मूलद्रव्य आहे. ते मातीतून गव्हात आले, गव्हातून पोळीत. याहून नैसर्गिक काय असणार? आणि हेच सेलेनियम माझ्या बाटलीवर केस वाढवणारा घटक म्हणून छापले होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या दोन गोळ्यांत ते ८० मायक्रोग्रॅमच होते, त्याने काही झाले नसते. पण ते ८० च होते, हे मला फक्त लेबलने सांगितले. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात लेबलवर २०० मायक्रोग्रॅम लिहिले होते आणि आत त्याच्या दोनशे पट सेलेनियम निघाले. दोनशेहून जास्त लोक आजारी पडले. त्यांतल्या बहुतेकांचे केस गेले.

आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे' मध्ये टक्कल हा शब्द आहे. म्हणजे टक्कल बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. माझ्या बाटलीच्या मागे तर बारीक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असे लिहिले होते. ती पुढच्या बाजूला पाने दाखवते आणि मागच्या बाजूला खरे बोलते.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी सांगायची नव्हती. सुट्टीवरून आल्यावर मला थकवा वाटत होता. एमआय रूममधून रक्त तपासायला पाठवले. जाण्याआधी नर्सिंग असिस्टंटनी विचारले, काही गोळ्या घेतोस का? मी म्हणालो, "नाही सर." मागे तीन मुले उभी होती आणि केसांच्या गोळ्या घेतो हे मला त्यांच्यासमोर सांगायचे नव्हते. अहवालात थायरॉईड जास्त काम करत असल्याचे दिसले. थकवा, केस गळणे, सगळे त्यात बसत होते. पीटी बंद, खेळ बंद. फेब्रुवारीतली आंतर-हाउस क्रॉस कंट्री मी कडेला उभे राहून पाहिली. आमचे हाउस तिसरे आले. आईला तीन रात्री झोप नव्हती.

डॉक्टरांनी मला एकटे बसवून पुन्हा विचारले तेव्हा मी बाटली आणून दिली. जास्त बायोटिन रक्तात असेल तर काही तपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉईडचे चुकतात, आणि हृदयविकार ओळखण्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनचेही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर एक मृत्यू झाल्याचेही त्यात होते. मी गोळ्या बंद केल्या, दहा दिवसांनी पुन्हा रक्त दिले. थायरॉईड ठीक होता. थकवा डेंग्यूनंतरचाच.

माझे मत असे आहे की या गोळ्या ट्रंक तपासणीत जप्त करून उपयोग नाही. मग त्या मोज्यांत लपतील. एमआय रूमच्या नोंदवहीत 'पूरक गोळ्या, पावडर, तेल' असा एक रकाना असावा आणि हा प्रश्न दार लावून विचारावा. पालकांना विनंती आहे की पार्सलमध्ये बाटली घालण्याआधी डॉक्टरांना एक फोन करावा. दोन वर्षांनी आपल्यातले बरेच जण एसएसबीनंतर वैद्यकीय मंडळासमोर उभे राहतील. तिथेही रक्त काढतात.

त्या दोन ज्युनियर कॅडेट्सना मी सगळे सांगितले. एकाने गोळ्या सोडल्या. दुसरा म्हणाला, "पण सर, तुमचे तर केस आले ना?" माझी बाटली अजून एमआय रूमच्या कपाटात आहे, आत ३८ गोळ्या शिल्लक आहेत.