मुलाचा ‘बेंच’ आणि आपला रक्तदाब

आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांतली मुले आज हिंजवडीला किंवा ऐरोलीला संगणक कंपन्यांत नोकरी करतात. त्या नोकरीची भाषा आपल्याला परकी असली, तरी तिचा ताण अलिबाग-मुरूडच्या ओटीपर्यंत पोहोचतो. दवाखान्यात रक्तदाब मोजताना मला तो दिसतो.

जुलै २०२५मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे जवळजवळ १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याआधी जूनमध्ये याच कंपनीने नियम केला होता, की प्रत्येकाने वर्षातून किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलात धरता येईल असे काम करावे. कामाविना राहण्याची मुभा ३५ दिवसांची. अशा रिकामेपणाला तिथे ‘बेंचवर असणे’ म्हणतात. आपल्या पिढीने शाळेत बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगली. हे बाकावर बसणे तिच्याहून जड. प्रकल्प संपला यात मुलाचा दोष नसतो, तरी नवे काम मागत वरिष्ठांमागे त्यालाच फिरावे लागते. थळच्या आरसीएफमध्ये किंवा एस.टी.त आयुष्य काढलेल्या वडिलांना हे उमजणे कठीण. पाळी संपली की त्यांचे काम संपत असे. ते म्हणतात, “मन लावून काम कर, कोण काढतो तुला?” आणि मुलगा फोनवर गप्प होतो.

मला मात्र अधिक काळजी आहे ती आपल्या गप्प राहण्याची. “डॉक्टर, मुलाला कळवू नका हं, त्याच्या ऑफिसात सध्या कठीण चाललंय,” हे मी छातीवर दाब जाणवणाऱ्या, रात्री धाप लागणाऱ्या रुग्णांकडून ऐकतो. कुणी तपासणी दिवाळीवर ढकलतो, कुणी गोळ्या एक दिवसाआड घेतो. ही माया खरीच. पण हृदयाला आणि मेंदूला मुलाच्या मूल्यांकनाची तारीख ठाऊक नसते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि श्रीवर्धनहून मोठे रुग्णालय गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. त्यात मुलाची मीटिंग संपेपर्यंत थांबलात, तर उरले काय?

म्हणून क्रम आजच ठरवा. तोंड वाकडे झाले, हातातले बळ गेले, बोलणे अडखळले, किंवा घामासह छातीत दाब आला, तर आधी १०८ला फोन, मग शेजारी, मग मुलगा. शेजाऱ्याजवळ घराची एक किल्ली आणि औषधांची यादी देऊन ठेवा. सांभाळ करणाऱ्या सूनबाईंनी किंवा मदतनीस बाईंनीही परवानगीसाठी कुणाची वाट पाहू नये.

मुलाच्या प्रकृतीचेही बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक आढळला. तेव्हा “नोकरी टिकेल ना?” असे विचारण्याऐवजी “किती वाजता झोपतोस?” असे विचारा. उत्तर ऐकून घ्या, लगेच उपाय सुचवू नका. गणपतीला घरी आला की आपल्याबरोबर त्याचाही रक्तदाब मोजून घ्या. झोप पार उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्याला द्या. तो अहोरात्र चालतो, विनामूल्य आहे, आणि आपणही त्यावर मराठीत बोलू शकता.