थकबाकी दिसते, कारण दिसत नाही




सरकारी वा सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीत निवड झाल्यावरही नेमणुकीपूर्वी उमेदवाराचे चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळले जाते. या पडताळणीचा भर आजवर गुन्हे, खटले आणि शिक्षा यांवर राहिला असला, तरी बँकांच्या भरतीत आता कर्जफेडीच्या इतिहासावरून ३०० ते ९०० या पट्टीवर ठरणारा पतगुणांक, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला ‘सिबिल’, हीही एक चाळणी झाली आहे. थकबाकीची नोंद असलेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवला, आणि सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याच्या अंगी आर्थिक शिस्त हवी, हे त्यामागचे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही.

गोपनीयतेशी संबंधित पदांवर तर ही काळजी अधिकच रास्त ठरते, कारण कर्जात बुडालेला माणूस आमिषाला लवकर बळी पडू शकतो. अमेरिकेच्या सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याने १९८५ मध्ये सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकण्यास सुरुवात केली, ती प्रामुख्याने पैशाच्या ओढाताणीतून. भंडारा जिल्ह्यातही जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे आणि अशा ठिकाणी कसून पडताळणी व्हावी, याबद्दल दुमत असू नये. प्रश्न आहे तो कर्जबाजारीपणा मोजायचा कशाने, एवढाच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच नियमांत आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १७ नुसार कर्मचाऱ्याने नेहमीचा कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टाळली पाहिजे आणि कर्जवसुलीची न्यायालयीन कारवाई झाल्यास ती शासनाला तत्काळ कळवली पाहिजे; मात्र ही स्थिती उधळपट्टीतून नव्हे, तर आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे ओढवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तोच नियम कर्मचाऱ्यावर टाकतो. म्हणजे खुलाशाला तेथे जागा आहे. अमेरिकेत सुरक्षा-मंजुरीसाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी, जून २०१७ पासून लागू असलेले निकषही असेच आहेत: नोकरी जाणे, आजारपण, घरातील मृत्यू अशी कारणे आणि कर्ज फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न या बाबी उमेदवाराच्या बाजूने धरल्या जातात.

पतगुणांकाला मात्र कारण दिसत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात आणि तोवर नोकरी लागली नाही, तर खाते थकीत होते. म्हणजे नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाकारली जाते. वडिलांच्या कर्जाला जामीनदार राहिलेल्या मुलाच्या पतअहवालातही त्या कर्जाची थकबाकी उमटू शकते. एकोडीसारख्या धानपट्ट्यातील गावात, जेथे एका हंगामाचा अवकाळी पाऊस किंवा तुडतुड्यांचा प्रादुर्भाव घराचे वर्षाचे गणित मोडून टाकतो, तेथील होतकरू मुलगा आणि क्रेडिट कार्डावर चैन करणारा माणूस या दोघांना एकाच आकड्याने तोलणे न्यायाचे नाही.

हजारो उमेदवारांची कारणे तपासत बसणे भरती यंत्रणेला शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. पण नियम १७ प्रमाणे पुराव्याचा भार उमेदवारावरच ठेवला, तर यंत्रणेला केवळ निवड झालेल्या आणि त्यातही नोंद प्रतिकूल असलेल्यांचे खुलासे पाहावे लागतील. म्हणून केंद्र सरकारने आणि सार्वजनिक बँकांनी तीन गोष्टी कराव्यात: नेमणूक नाकारण्यापूर्वी लेखी खुलाशाची संधी द्यावी, शैक्षणिक कर्जाची व जामीनकीची थकबाकी वेगळी धरावी, आणि रुजू झाल्यावर पगारातून फेड करण्याचे हमीपत्र ग्राह्य मानावे. थकबाकी लपवणाऱ्याला मात्र सवलत नसावी, कारण लपवाछपवी हाच सचोटीचा खरा भंग होय.

उमेदवारांनीही जागरूक राहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सोडवली गेली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. अर्ज भरण्यापूर्वीच तो अहवाल मागवावा.

— एक वाचक, एकोडी, जि. भंडारा