पुढें धाडणारा तोही साक्षीदार

खऱ्याखोट्यामध्यें चार बोटांचें अंतर, असें आपले वडील सांगत आले. कान आणि डोळा यांमध्यें अंतर तेवढेंच. ऐकलेलें खोटें असूं शकेल, पण पाहिलेलें खरेंच, हा त्या म्हणीचा भावार्थ. मोबाइलवरील चित्रफितींच्या या काळांत ही म्हण जशीच्या तशी मानणें धोक्याचें झालें आहे, असें आमचें मत आहे.

चित्रफितीचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरांत २५ मे २०२० रोजीं एका पोलीस अधिकाऱ्यानें जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरला, आणि त्यांत त्याचा अंत झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनांत मात्र त्याची प्रकृति बिघडल्याचाच उल्लेख होता. डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी तेव्हां तेथें उभी होती. तिनें तो प्रकार आपल्या मोबाइलवर टिपला, आणि निवेदनांत जें नव्हतें तें जगानें पाहिलें. पुढें २०२१ सालीं तिनें न्यायालयांत शपथेवर साक्ष दिली, व तो अधिकारी खुनाबद्दल दोषी ठरला. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थिनींहून ती फार मोठी नव्हती.

आतां दुसरी बाजू पाहूं. पालकांनीं सावध राहावें म्हणून पाकिस्तानांतील कराची शहरीं एका सेवाभावी संस्थेनें एक छोटी चित्रफीत केली होती. मोटारसायकलवरून दोघे इसम येतात, गल्लींतील एका मुलास उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात, आणि मुलांस जपा अशा अर्थाचा फलक उघडून दाखवितात. कोणीं तरी हा शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा २०१८ सालीं आपल्या देशांत, मुलें पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून, मोबाइलांवरून सर्वत्र फिरला. अशाच अफवांनीं गांवोगांव भय पसरलें असतां, १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस मुलें पळविणारे समजून जमावानें ठार मारलें.

त्या तुकड्यांतील चित्र बदललेलें नव्हतें. शेवटचे क्षण तेवढे वगळलेले होते. तेवढ्यानें सावधगिरीच्या धड्याचें विष झालें.

या दोन चित्रफितींतील भेद आम्ही असा समजतों. डार्नेला जागेवर होती. तिनें जें पाहिलें त्याची जबाबदारी तिनें स्वतःच्या नांवानिशीं घेतली. कराचीचा तुकडा पुढें धाडणारांनीं ना ती गल्ली पाहिली होती, ना तो शेवट. तरी प्रत्येकानें ‘हें असें घडलें’ अशी ग्वाही दिलीच. चित्रफीत पुढें धाडणें म्हणजे साक्ष देणें होय. आणि जें आपण जाणत नाहीं त्याची साक्ष ती खोटी साक्ष.

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें व कंपन्यांचें. व्हॉट्‌सॲपनें जुलै २०१८ मध्यें भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं मजकूर पुढें धाडण्याची मर्यादा जाहीर केली, तें योग्यच झालें. पण पांचांपुढें दिलेली खोटी साक्षही खोटीच असते.

एकदां एका विद्यार्थ्यानें, आपल्याच नदीचा पूर म्हणून, एक चित्रफीत आम्हांस दाखविली. आम्हीं त्यास म्हटलें, “बाळ, दुकानांवरील पाट्या वाच पाहूं.” त्या लिपींतील एकही अक्षर त्यास वाचतां येईना. चौकशी करतां, ती चित्रफीत त्याच्या घरांतील वडीलधाऱ्यांकडूनच त्यास आली होती, असें कळलें! म्हणून आमचें हें लिहिणें जितकें विद्यार्थ्यांसाठीं, तितकेंच पालकांसाठींही आहे.

विद्यार्थ्यांनो, चित्रफीत हातीं येतांच पुढें धाडण्यापूर्वीं क्षणभर थांबा. ती कोणीं, कोठें व केव्हां घेतली? तिच्या आधीं व नंतर काय घडलें? आणि भरसभेंत उभें राहून, आपलें नांव सांगून, हें खरें आहे असें आपण म्हणूं काय? तिसऱ्या प्रश्नाला मन कचरलें, तर बोट आवरा. एक चित्रफीत न धाडल्यानें कोणाचें कांहीं अडत नाहीं. धाडल्यानें काय होऊं शकतें, हें राईनपाड्याच्या त्या पांच जणांच्या मुलाबाळांस ठाऊक आहे.