भाड्याच्या खोलीत पोर्टफोलिओ किती दिवस ठेवणार?

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, मुलुंडच्या चाळींत, बोरीवलीच्या वस्त्यांत 14 एप्रिलचे बॅनर करणारी पोरं आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. रात्र रात्र कोरलड्रॉवर बसतात. फ्लेक्स उतरला की काम गेले. खाली नाव राहते ते शुभेच्छुकाचे, नाहीतर प्रिंटवाल्याचे. हीच मुले अंधेरीच्या एजन्सीत काम मागायला जातात तेव्हा पहिला प्रश्न येतो, "पोर्टफोलिओची लिंक?" आणि ती इन्स्टाग्राम दाखवतात.

आमचा आक्षेप इथेच आहे. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले. जून 2020 मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि वस्तीतल्या कित्येक कलाकारांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. बेहान्स 2012 पासून अडोबीच्या मालकीचे आहे. तिथे जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही, गिऱ्हाईक तिथे फिरते. पण ते दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान आहे, हे विसरू नका. 1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला, तो काय हौस म्हणून?

खर्चाचे कारण सांगू नका. डॉट इन डोमेन साधारणपणे वर्षाला हजाराच्या आत मिळते. साधी पाने गिटहबवर फुकट ठेवता येतात. शिकायला थोडा वेळ जाईल, इतकेच. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, होस्टिंग महाग झाले तर सगळे गाठोडे उचलून दुसरीकडे नेता येते. विक्सवर साइट झटपट आणि देखणी होते हे मान्य, पण ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. आम्हाला हा फरक देखणेपणापेक्षा मोठा वाटतो. आणि डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घ्या. आमच्या एका कार्यकर्त्याचे डोमेन दुकानमालकाच्या नावावर होते. भांडण झाले, साइट गेली.

मराठी मजकूर चित्रात कोंबू नका, गुगलला तो नीट सापडत नाही. डीटीपीच्या जुन्या फॉन्टची सवय सोडून युनिकोडमध्ये लिहा. मुंबईच्याच एक टाइपने केलेला 'मुक्त' फॉन्ट फुकट आहे.

आता खरा अडलेला प्रश्न. आमच्यातलाच एक मुलगा साइटवर आडनाव लावायला तयार नाही. जयंतीची पोस्टर्सही त्याने काढून टाकली आणि कॅफेचे मेनू तेवढे ठेवले. क्लायंट बिचकतो म्हणे. त्याची भीती खोटी नाही, ती आम्हीही भोगली आहे. पण त्याचे सर्वांत चांगले अक्षरांकन त्या पोस्टर्समध्येच आहे. ते लपवून तो दुसऱ्या रांगेतला डिझायनर म्हणून उभा राहतो. आडनावाचा निर्णय त्याचा त्याने घ्यावा, आम्ही जबरदस्ती करणारे कोण? पोस्टर्स मात्र परत लावावीत, आणि तीही पहिल्या पानावर, यासाठी आम्ही त्याच्याशी अजून भांडतो आहोत.