पिकअपचा पट्टा आणि शेतमालाचा भाव



कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात आज बैलगाडीच्या जागी जुनी पिकअप उभी आहे. कोणी चौघांत मिळून घेतली, कोणी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून. कापूस बाजारात न्यायचा तिने, ज्वारीची पोती तिने, बी-खत आणायचे तिने, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस तालुक्याला पोचवायचा तोही तिनेच. या गाडीच्या इंजिनात रबराचा एक दातेरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो केव्हा बदलायचा, हा प्रश्न मिस्त्रीचा म्हणून आपण सोडून देतो. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न शेतीच्या हिशेबाचा आहे आणि त्याचे उत्तर पट्टा तुटायच्या आधी द्यायचे असते.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, त्याने व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झालाच पाहिजे. हा मेळ पट्टा राखतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या माथ्यावर जागा अगदी थोडी उरते. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो, हेड उतरवावे लागते. फॅन बेल्ट तुटला तर गाडी थांबते. हा तुटला तर इंजिन बसते. साखळी ढिली झाली तर खडखड करून सांगते. पट्टा बहुधा काही न सांगता जातो.

सगळ्याच गाड्यांत पट्टा नसतो. काहींत साखळी असते, काहींत गिअर. म्हणून आपल्या इंजिनाला काय आहे ते कंपनीच्या पुस्तकात पाहावे. पट्टा असेल तर त्याची मुदत साधारणपणे दोन आकड्यांत दिलेली असते: किलोमीटर आणि वर्षे. पुष्कळ इंजिनांना ही मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटर, किंवा ४ ते ७ वर्षे अशी असते. जे आधी भरेल ते खरे.

इथेच शेतकऱ्याची गाडी फसते. ती हंगामात धावते आणि बाकीचे महिने उन्हात उभी राहते. मीटरवर ४० हजार दिसतात आणि मालक म्हणतो, अजून पुष्कळ चालेल. पण रबराला मीटर वाचता येत नाही. उष्णतेने आणि वयाने ते कडक होते, त्याला चिरा पडतात. इंजिनाचे तेल झिरपून पट्ट्यावर आले तर आणखी लवकर. त्यातून भरली गाडी पांदीतून पहिल्या गिअरमध्ये काढायची, जिनिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकायचे. यात किलोमीटर भरत नाहीत, झीज मात्र भरते.

जुनी गाडी घेतली, पट्टा बदलल्याची पावती नाही, मीटर बंद आहे किंवा मागे फिरवला असल्याचा संशय आहे, तर नियम एकच. गाडी दारात आली की पट्टा बदलायचा. विकणाऱ्याच्या शब्दावर इंजिन पणाला लावायचे नाही. पट्ट्याबरोबर त्याचा ताण राखणारे टेन्शनर आणि बेअरिंगही बदलावे. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल, तर तोही त्याच वेळी. नाही तर थोड्याच दिवसांत तीच मजुरी पुन्हा. खुणा जुळवल्यावर स्टार्टर मारण्याआधी मिस्त्रीने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दाखवावा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

‘चालते तोवर चालू द्या’ म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. ते याला काटकसर म्हणतात. पट्टा आधी बदलला तर काही हजारांत भागते. तुटल्यावर त्याच्या कित्येक पट जातात. आणि तो तुटतो कोठे? गाडी भरलेली असते तेव्हा. सीतादही होऊन वेचणी लागली, घरात कापूस मावेना, आणि गाडी गॅरेजात. मग खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात येतो आणि तो सांगेल त्या भावात, तो धरेल त्या मापात माल जातो. गाडी बंद पडली की बाजाराची वाट बंद पडते.

दुसरीकडे शहाणे म्हणतात, शेतकऱ्याला यंत्र सांभाळता येत नाही. त्यांना आमचे उत्तर आहे. एस.टी.ची गाडी ठरल्या किलोमीटरला आगारात देखभालीला जाते. तो खर्च तिकिटाच्या हिशेबात असतो. ट्रकमालक तो भाड्यात घालतो. जो आपल्या मालाचा भाव स्वतः सांगतो, त्याचा घसारा गिऱ्हाईक भरते. शेतकऱ्याचा भाव दुसरा सांगतो, म्हणून त्याचा घसारा त्याच्याच इंजिनातून वसूल होतो.

सरकार म्हणेल, आम्ही दीडपट भाव देतो. स्वामिनाथन आयोगाने २००६ साली उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के वाढवून हमीभाव द्या असे सांगितले. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपटीची घोषणा झाली, पण हिशेब धरला तो ए-२ अधिक घरच्या मजुरीचा. सी-२ मध्ये येणारे स्वतःच्या भांडवलाचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड त्यातून गळाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाले. आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ करून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसाला वाट मोकळी केली. एका हाताने भाव लिहायचा, दुसऱ्या हाताने पाडायचा. अशा भावात पट्टा पुढच्या वर्षावर गेला तर नवल नाही.

पण भाव मिळेपर्यंत इंजिन थांबत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदशेकणी करतो. बैल बसल्यावर करत नाही. तोच दिवस गाडीचाही धरा. पोळ्यापासून कापूस निघेपर्यंत हातात वेळ असतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या पिकअपची वही आणावी: पट्टा केव्हा बदलला, किती खर्च आला, गाडी किती दिवस बंद राहिली आणि त्या दिवसांत माल कोणत्या भावाने गेला. हे आकडे एकत्र करून आपण भावाच्या मागणीला जोडू. पट्टा वेळेवर बदला, आणि त्याची किंमत कापसाच्या भावात मागा!