सराव थांबवायचा नाही, बदलायचा

१ डिसेंबर २०२० रोजी अभिनेत्री अनुष्का शर्माने समाजमाध्यमावर स्वतःचे एक छायाचित्र टाकले. गरोदरपणातले मोठे पोट, खाली डोके वर पाय असे शीर्षासन आणि तिचे पाय सावरत उभा असलेला विराट कोहली. बघता बघता ते छायाचित्र देशभर फिरले. कुणी तोंड भरून कौतुक केले, तर कुणी ‘हा कसला हट्ट’ म्हणून नाके मुरडली. छायाचित्राबरोबर तिने जे लिहिले होते, ते मात्र फारसे पुढे गेले नाही. हे आसन ती अनेक वर्षे करत आली होती. पूर्वीची आसने योग्य आधार घेऊन करायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण पिळाची आणि खोलवर पुढे वाकण्याची आसने त्यांनी वगळायला सांगितली होती. पाठीशी भिंत होती, शेजारी पती होता आणि योगशिक्षिका ऑनलाइन लक्ष ठेवून होती.

इतक्या अटी पाळूनही बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ गरोदरपणात शीर्षासनाचा सल्ला देणार नाहीत. कारण साधे आहे. त्या आसनावाचून गरोदर स्त्रीचे काही अडत नाही आणि तोल गेला, तर मात्र मोठे नुकसान होऊ शकते. तरीही त्या मजकुरातला विचार मोलाचा होता. आधीपासूनचा सराव, डॉक्टरांची संमती, काय वगळायचे याची यादी, आधार आणि जाणकाराची नजर या पाच गोष्टी नियमित योगाभ्यास करणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला लागतात.

मराठी घरांत सहसा उलट घडते. दिवस गेल्याचे कळले, की ‘आता तू दोन जिवांची, ते योगाबिगा पुरे’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्या आईचा किंवा सासूबाईंचा हेतू मायेचाच असतो. पण त्याच घरात वाकून केर काढणे, पाण्याच्या बादल्या उचलणे, तासन्‌तास ओट्याशी उभे राहणे सहसा थांबत नाही. अंग आखडवणारी कामे चालतात आणि अंग मोकळे करणारी वीस मिनिटे तेवढी धोक्याची ठरतात.

या भीतीच्या मुळाशी गर्भपाताची धास्ती असते. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. आईच्या नेहमीच्या हालचालींशी त्यांचा संबंध नसतो. तरीही गर्भ टिकला नाही, की पहिले खापर तिच्यावर फुटते. जिने चढली, गाडी चालवली, योगा करत राहिली. आधीच दुःखात असलेल्या बाईला हा ठपका आयुष्यभर पुरतो. म्हणून ‘सगळे बंद कर’ हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

वैद्यकशास्त्र आज काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैद्यकीय मनाई नसलेल्या गर्भवतींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे दम लागला तरी बोलता यावे इतपत. स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि हलके ताण यांचाही त्यात समावेश आहे. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुरक्षित व्यायामांच्या यादीत योगाचे नाव घेतले आहे, पण ‘गरोदरपणासाठी बदल केलेला योग’ अशा शब्दांत. तापवलेल्या खोलीतला योग मात्र तिने नको म्हटला आहे.

२०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठव्या-नवव्या महिन्यातल्या २५ निरोगी गर्भवतींकडून २६ आसने करून घेण्यात आली. आईची नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके तपासले गेले. बाळाचे ठोके सर्व आसनांत सामान्य राहिले आणि कुणी पडले नाही. एरवी नको म्हटली जाणारी बालासन, अधोमुख श्वानासन, शवासन ही आसनेही त्यांत होती. यावरून धीर घ्यायला हरकत नाही, पण अभ्यास लहान होता, स्त्रिया निरोगी होत्या आणि सगळे देखरेखीखाली चालले होते. शीर्षासनाचा त्यात समावेश नव्हता.

बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३५ गर्भवती होत्या. एका गटाने रोज तासभर योगाभ्यास केला, दुसऱ्याने सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालण्याचा व्यायाम केला. योगाच्या गटात अडीच किलो किंवा त्याहून अधिक वजनाची बाळे जास्त होती आणि अकाली प्रसूती कमी होत्या. हे गट सोडत काढून पाडलेले नव्हते, त्यामुळे सगळे श्रेय योगाला देता येत नाही. योगाने अपाय झाल्याचे मात्र त्यात दिसले नाही.

मग काळजी कशाची घ्यायची? गरोदरपणात शरीर बदलते आणि या बदलाचा धोका सराव असलेल्या स्त्रीला अधिक चकवतो. संप्रेरकांमुळे सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. पूर्वी जिथे हात पोचत नव्हता, तिथे आता सहज पोचतो. तिला वाटते सराव फळाला आला. प्रत्यक्षात सांधा त्याच्या हद्दीपलीकडे गेलेला असतो आणि त्याचे दुखणे पुढे कंबरेत किंवा जांघेत उमटते. म्हणून पूर्वी आसन जिथवर जात होते, त्याच्या अलीकडेच थांबावे. शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, त्यामुळे वृक्षासनासारखे तोलाचे आसन भिंतीशी करावे. मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून वाकलेल्या स्थितीतून झटकन उठू नये. उताणे झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि काहींना गरगरते. चौथ्या महिन्यापासून शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करणे त्यामुळे बरे.

रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालणाऱ्या बाईलाही हा हिशेब लागू आहे. पोट वाढू लागले, की साष्टांग नमस्काराची आणि भुजंगासनाची स्थिती गळते, उडी मारून पाय मागे नेणे थांबते. उरलेला क्रम पाय फाकवून, खुर्चीच्या किंवा भिंतीच्या आधाराने, मोजक्या आवर्तनांत करता येतो. धनुरासन, शलभासन, नौकासन बाजूला ठेवावे. पोट आवळणारा पीळ टाळून फक्त खांदे आणि छाती हलकेच वळवावी. मार्जारासन, बद्धकोनासन, भिंतीशी केलेले ताडासन, आधार घेतलेले उत्कटासन बहुतेकींना चालते. प्राणायामात कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, बंध आणि श्वास रोखून धरणारा कुंभक नको. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालू ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा असेल, तर त्या दिवशी नुसते श्वासाकडे लक्ष देऊन बसणे हाही सरावच असतो.

असा बदल म्हणजे तडजोड, असे अनेकींना वाटते. पुण्याच्या अय्यंगार परंपरेने ते फार पूर्वीच खोडून काढले आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, ठोकळे, पट्टे, दोर आणि खुर्ची यांच्या मदतीने आसन माणसाच्या शरीरापर्यंत आणले. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘योग : अ जेम फॉर विमेन’ या पुस्तकात पाळी, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचा काळ यांनुसार सराव कसा बदलावा, याची मांडणी केली. या पद्धतीत मुरलेल्या विद्यार्थिनींना काही उलटी आसनेही दिली जातात, पण ती आधाराने आणि जाणकार शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली. मोबाइलवरची चित्रफीत बघून करण्याचा तो प्रकार नव्हे.

काही स्त्रियांनी मात्र डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत थांबलेच पाहिजे. अंगावरून रक्त जाणे, पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरही वार खाली असणे, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला असणे, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, अकाली कळांचा धोका, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार आणि तीव्र रक्तक्षय ही त्यामागची कारणे. रक्तक्षय या यादीत विसरला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेले, की रक्तक्षय धरतात. तेव्हा आसनांची यादी करण्याआधी रक्ताचा अहवाल पाहावा. सराव चालू असताना रक्तस्राव, पाणी जाणे, नियमित कळा, छातीत दुखणे, चक्कर, जोराची डोकेदुखी, एका पोटरीत दुखून सूज येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवले, तर चटई गुंडाळून थेट दवाखाना गाठावा.

दुसरा धोका बाजाराचा आहे. ‘आमच्या वर्गाला या, नॉर्मल डिलिव्हरी होईल’ अशी हमी देणारे फलक शहरोशहरी दिसतात. योगाने पाठदुखी हलकी होते, झोप सुधारते, मन थाऱ्यावर राहते, कळांच्या वेळी श्वास हाताशी असतो. एवढे पुष्कळ आहे. प्रसूती कशी होणार हे बाळाची स्थिती, वार, रक्तदाब, कटिभागाची रचना अशा अनेक गोष्टींवर ठरते. नऊ महिने चटईवर बसलेल्या स्त्रीचे सिझेरियन झाले, तर ती कुठे कमी पडली असा त्याचा अर्थ होत नाही. हमी विकणारे वर्ग मात्र तिला तसे वाटायला लावतात.

खरी अडचण अशी, की तपासणी करणारे डॉक्टर आणि आसने शिकवणारे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. डॉक्टर घाईत ‘योगा चालेल’ म्हणतात, शिक्षक ‘डॉक्टरांनी हो म्हटलेय ना’ म्हणून निश्चिंत होतात. कोणता योग, किती, कोणत्या महिन्यापर्यंत, हा प्रश्न दोघांच्या मध्ये पडून राहतो. वास्तविक उपाय अवघड नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथल्या किंवा खासगी दवाखान्यातल्या कागदावर दोन ओळी वाढवायच्या आहेत : या बाईला व्यायामाची परवानगी आहे की नाही आणि काय टाळायचे आहे. योगशिक्षकांनी तो कागद पाहिल्याशिवाय गरोदर स्त्रीला वर्गात बसवू नये आणि दर तपासणीनंतर तो पुन्हा मागावा.

घरच्यांनाही एक काम आहे. सकाळची वीस मिनिटे तिच्यासाठी मोकळी ठेवायची, त्या वेळात चहा दुसऱ्या कुणी करायचा आणि ‘कशाला करतेस’ असे म्हणण्याऐवजी लोड भिंतीशी सरकवून द्यायचा.