निकाल ठरलेला, तरी कुस्ती मोठी

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाला 'नुरा कुस्ती' या शब्दाइतका दुसरा शब्द झोंबत नाही. दोन मल्लांनी आपसांत ठरवून लढावे आणि तिकीट काढून आलेल्याला मात्र त्याचा पत्ता नसावा, ही त्याच्या दृष्टीने सरळ फसवणूक असते. या कसोटीला लावले तर अमेरिकेत आणि जपानात भरभराटीला आलेली व्यावसायिक कुस्ती म्हणजे नुरा कुस्तीचे एक विराट दुकानच ठरते. मुंबईला या प्रकाराची ओळख दारासिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्री स्टाइल' लढतींनी करून दिली. तेव्हापासून 'हे खरे की खोटे' एवढ्या एकाच प्रश्नावर सारी चर्चा अडून राहिली आहे.

वस्तुतः हा प्रश्न कधीच निकालात निघालेला आहे. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीच्या वतीने स्वच्छ सांगण्यात आले की, हा प्रकार स्पर्धात्मक खेळ नसून करमणूक आहे. हा कबुलीजबाब सत्यप्रेमापोटी दिलेला नव्हता. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा नियामक मंडळाचे नियंत्रण आणि कराचा बोजा येतो. करमणूक म्हटली की तो टळतो. गुपितापेक्षा पैसा मोलाचा ठरला आणि गुपित फुटले. परंतु प्रेक्षक हटले नाहीत. मग निकाल ठरलेला आहे हे ठाऊक असतानाही एखादी लढत वर्षानुवर्षे आठवणीत का राहते, आणि त्याच आखाड्यातील दुसरी लढत दुसऱ्या दिवशी विसरली का जाते, हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर केवळ रसिकतेचे नाही; त्यात माणसांच्या जिवाचा संबंध आहे.

या धंद्याचा उगम समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाव्स झिबिस्को यांची कुस्ती झाली. ती अस्सल होती, यात शंका नाही. परंतु गामापुढे उभे राहणे धोक्याचे आहे हे ओळखून झिबिस्कोने गादीवर पालथे पडून राहण्याचा मार्ग पत्करला आणि अडीच तासांहून अधिक काळ प्रेक्षकांनी बव्हंशी एका माणसाची पाठ पाहिली. लढत बरोबरीत सोडवावी लागली. ठरलेल्या दिवशी पुन्हा कुस्ती व्हायची होती, तेव्हा झिबिस्को फिरकलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात या दोघांची गाठ पडली, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. दोन्ही कुस्त्या खऱ्या. एक कंटाळवाणी होण्याइतकी लांब, दुसरी डोळ्याचे पाते लवण्याइतकी आखूड. तिकीट विकणाऱ्याच्या दृष्टीने हा माल भरवशाचा नव्हता. अमेरिकेत १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस हा मल्ल, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रयीने ही अडचण ओळखली. त्यांनी लढतींना वेळेची मर्यादा घातली, पकडींना वेग आणला, निकाल आपल्या हाती ठेवला. लुईस स्वतः अस्सल मल्ल होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याला खरोखर हरवणे कठीण, त्यानेच ठरवून लढण्याची पद्धत रुजवली.

निकाल ठाऊक असल्याने रस आटतो, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. कोकणातील दशावतारात शेवटी असुराचा वध होणार हे पहिल्या रांगेतील पोरालाही ठाऊक असते; तरीही माणसे रात्रभर बसतात, कारण युद्ध कसे होते यात त्यांना गोडी असते. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाचा आरंभच कुस्तीवरील निबंधाने केला. हा खेळ नसून देखावा आहे, आणि वेदना, पराभव व न्याय यांचे रूप स्पष्टपणे पाहायला मिळावे म्हणून प्रेक्षक तेथे येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. तेव्हा 'कोण जिंकले' हा प्रश्न बाजूला सारून 'कसे लढले' हेच पाहिले पाहिजे.

शरीराने सांगितलेली गोष्ट

मोठ्या लढतीचे पहिले लक्षण हे की, तिच्यातील प्रत्येक डावाला आधीचे कारण आणि नंतरचा परिणाम असतो. २९ मार्च १९८७ रोजी पाँटियॅकच्या सिल्व्हरडोममध्ये रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत झाली. काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने स्टीमबोटच्या गळ्यावर घाव घातल्याचा प्रसंग रंगवला गेला होता. त्यामुळे या लढतीत हात गळ्याकडे गेला की हजारो प्रेक्षकांचा श्वास अडकत होता. सॅव्हेजने प्रत्येक हालचाल आधी कागदावर उतरवून घोटून घेतली होती. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर संपलेली ही लढत आजही वाखाणली जाते, कारण तिच्यात एकही डाव केवळ दाखवण्यासाठी केलेला नव्हता.

दहा वर्षांनी, २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन भिडले. हार्ट आला तो नायक म्हणून, ऑस्टिन खलपुरुष म्हणून. शेवटी हार्टच्या पायपकडीत अडकलेला, चेहरा रक्ताने माखलेला ऑस्टिन हार मानण्याचे नाकारीत शुद्ध हरपून पडला आणि पंचाने लढत थांबवली. त्यानंतरही हार्टने त्याला मारणे सोडले नाही. नोंदवहीत हार्ट विजयी ठरला; परंतु सभागृहाची सहानुभूती ऑस्टिनकडे गेली ती कायमचीच. अर्ध्या तासाच्या आत, एकही भाषण न करता, दोन माणसांनी वीस हजारांच्या आसपास प्रेक्षकांचे मत उलटे फिरवले. हे सामर्थ्य दंडाच्या घेरात मोजता येत नाही.

हरणाऱ्याचे मोठेपण

दुसरे लक्षण अधिक मोलाचे आहे. १९४८ साली अमेरिकेतील निरनिराळ्या प्रदेशांतील कुस्तीच्या ठेकेदारांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाची संघटना उभारली. प्रदेश वाटून घ्यायचे आणि एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, असा हा करार होता. अर्थशास्त्रात याला कार्टेल म्हणतात, आणि १९५६ साली अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा दाखवून त्याला लगामही घातला. परंतु या व्यवस्थेतून फिरत्या जगज्जेत्याची विलक्षण भूमिका जन्माला आली. हा जगज्जेता गावोगाव जाई. तेथील लाडक्या मल्लाशी लढे, त्याच्या हातून जवळजवळ हरे आणि अखेरीस पट्टा कसाबसा वाचवून पुढच्या गावाला निघे. त्याचे काम स्वतःचा दरारा वाढवणे हे नव्हते. स्थानिक मल्लाची पत वाढवणे हे होते. जगज्जेता निघून गेल्यावर त्या गावाचा आखाडा वर्षभर त्या मल्लाच्याच नावावर चालायचा असे.

लू थेझ याने ही भूमिका एकूण दहा वर्षांहून अधिक काळ वठवली. तो मनात आणील तर कोणाचाही सांधा निखळवू शकेल असा तयारीचा मल्ल होता, आणि म्हणूनच त्याने दिलेल्या मोठेपणाला किंमत होती. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९६८ साली, याच थेझने मुंबईत दारासिंगकडून पराभव स्वीकारला आणि भारतीय मल्लाच्या नावापुढे जगज्जेता ही बिरुदावली लागली. ऐंशीच्या दशकात रिक फ्लेअरने हीच परंपरा चालवली. १९८९ मध्ये त्याने स्टीमबोटशी शिकागो, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिल येथे तीन गाजलेल्या लढती केल्या. त्यांपैकी पहिल्या दोन तो हरला, आणि तरीही त्या लढतींनी त्याचे नाव खाली आले नाही, उलट वर गेले. सॅव्हेज-स्टीमबोट लढतीच्याच दिवशी, त्याच मैदानात, पाठीच्या दुखण्याने जर्जर झालेल्या आंद्रे या महाकाय मल्लाने हल्क होगनला आपले शरीर उचलून आपटू दिले. होगनची पुढची सारी श्रीमंती त्या क्षणावर उभी राहिली. विजेत्याचे मोठेपण हरणाऱ्याने कमावून दिलेले असते, हे सत्य या धंद्यात जितके उघडे दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

विश्वासाची पकड

तिसरे लक्षण प्रेक्षकाला दिसत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. डोक्यावर उचललेला मल्ल आपली मान प्रतिस्पर्ध्याच्या हाती देत असतो. ती सुखरूप खाली ठेवायची, आणि तरीही ती मोडली असे शेवटच्या रांगेला वाटले पाहिजे, हे खरे कसब आहे. आपल्या हातून कोणाला गंभीर दुखापत झाली नाही, याचा ब्रेट हार्टने पट्ट्यांपेक्षाही अधिक अभिमान बाळगला. हे कसब किती नाजूक आहे याचा प्रत्यय त्याच्याच घरात आला. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ ओवेन, जो स्वतः निपुण मल्ल होता, त्याच्या हातून एक डाव इंचाइंचाने चुकला आणि ऑस्टिनच्या मानेला जबर इजा झाली. २००३ साली ऑस्टिनला आखाडा सोडावा लागला.

दुर्दैवाने बाजार या तिसऱ्या गुणाला किंमत देत नाही. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकवला जातो: पहिल्या पेल्याने जितकी तहान भागते तितकी दुसऱ्याने भागत नाही. धोक्याचेही तसेच आहे. काल ज्या उडीने प्रेक्षक उभा राहिला, ती उडी आज त्याला बसल्या जागी पाहता येते. मग उंची वाढवावी लागते. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकला गेला, आणि त्याच लढतीत पुन्हा पिंजऱ्याच्या छतातून खाली कोसळला. फोली हा बुद्धिमान कलावंत. परंतु लोकांना त्याची बुद्धी आठवत नाही, ते पतन आठवते. जपानमध्ये नव्वदच्या दशकात मित्सुहारू मिसावा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लढतीची कला शिखराला नेली, हे सर्वमान्य आहे. मात्र प्रत्येक लढतीगणिक डोक्यावर आणि मानेवर आपटण्याचे प्रमाण वाढत गेले. १३ जून २००९ रोजी हिरोशिमाच्या आखाड्यात मागे आपटण्याच्या एका नेहमीच्या डावानंतर मिसावा उठलाच नाही. त्याचे वय ४६ होते. भाववाढीत पैशाचे मोल घसरते. या भाववाढीत माणसाच्या मानेचे मोल घसरले.

ओवेन हार्टची कथा याहून विदारक आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोराने खाली सोडण्याचा देखावा योजला होता. त्यात कुस्तीचा संबंध नव्हता, प्रतिस्पर्ध्याच्या हाताचा नव्हता, कसबाचाही नव्हता. कडी सुटली आणि सत्तरहून अधिक फुटांवरून तो आखाड्यात कोसळून मरण पावला. कार्यक्रम मात्र पुढे चालू राहिला. कुटुंबाने दाखल केलेला दावा पुढच्या वर्षी एक कोटी ऐंशी लाख डॉलरवर मिटला.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. मल्ल सज्ञान आहेत, मोबदला घेतात, धोका स्वतःहून पत्करतात. मग इतरांनी का हळहळावे? हा युक्तिवाद ऐकायला स्वच्छ वाटतो. परंतु सौदा मोकळा तेव्हाच म्हणावा, जेव्हा दोन्ही बाजूंना 'नाही' म्हणण्याचे बळ असते. अमेरिकेतील या सर्वांत मोठ्या कंपनीत मल्ल हे नोकर नव्हेत, 'स्वतंत्र कंत्राटदार' समजले जातात. त्यांनी कोणत्या दिवशी, कोणाशी आणि कसे लढायचे हे कंपनी ठरवते. परंतु नोकरीबरोबर येणाऱ्या संरक्षणाचा प्रश्न निघाला की ते स्वतंत्र ठरतात. १९८६ साली जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांना संघटना बांधण्याचे आवाहन केले. हाच गृहस्थ पुढे मिनेसोटा राज्याचा राज्यपाल झाला. पण आखाड्यात त्याला संघटना उभी करता आली नाही. २००८ साली तीन मल्लांनी या वर्गीकरणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तो दावाही टिकला नाही. ज्या धंद्याने 'हा खेळ नव्हे' असे सांगून शासनाची देखरेख झुगारली, त्यानेच 'हे नोकर नव्हेत' असे सांगून मालकाची जबाबदारी झुगारली. वेतनश्रेणी, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांसाठी संघटित लढे देऊन ते मिळवलेल्या शिक्षकांना आणि कारकुनांना यातला अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा व्यावसायिक कुस्ती खोटी आहे म्हणून तिला नाक मुरडणे जितके उथळ, तितकेच तिच्यातील रक्ताला आणि उंचीला टाळ्या वाजवणे घातक आहे. तिचा निकाल खोटा असेल. तिच्यातील श्रम खरे आहेत, पडणे खरे आहे आणि दुसऱ्याच्या हाती मान सोपवण्याचा विश्वास तर सर्वांत खरा आहे. थेझ, फ्लेअर, स्टीमबोट, हार्ट यांचे मोठेपण त्यांनी किती जणांना आपटले यात नाही. समोरच्याला त्यांनी मोठे केले आणि रात्री तो आपल्या पायांनी घरी गेला, यात ते आहे. प्रेक्षकाने टाळी वाजवण्यापूर्वी एवढी एक कसोटी लावली, तर मालकालाही तिची दखल घ्यावी लागेल. कारण बाजार अखेर टाळीचेच ऐकतो. जी लढत संपल्यावर दोघेही उठून उभे राहतात आणि तरीही ज्या लढतीने प्रेक्षकाचा श्वास रोखला होता, तीच मोठी लढत.